उभा काप

स्पंजातून जाताना वाऱ्याला किती त्रास होईल हे आधीच सांगायचं, ही माझी नोकरी होती. हे ऐकून लोक हसतात. मला बघायला आलेल्या एका मुलाच्या मामांनी विचारलं होतं, "आणि मग वाऱ्याला सांगता का, जपून जा म्हणून?" ते लग्न जमलं नाही. नोकरी मात्र बरीच वर्षं टिकली, आणि आता ती सुटल्यावरही जेवताना किंवा कुणी मोठ्यानं भांडत असताना माझं मन मधूनच उठतं आणि त्या लांबट खोलीत जाऊन बसतं.

खोली साजगावच्या कारखान्याच्या मागच्या अंगाला होती. खिडकीतून घाटाचा डोंगर दिसे. आमचा कारखाना स्पंजाचा, पण गादीतल्या नव्हे. गादीच्या स्पंजाच्या प्रत्येक भोकावर पातळ पापुद्रा असतो, साबणाच्या फुग्याला असतो तसा. आमच्याकडे स्पंज कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवून ते पापुद्रे विरघळवून टाकत. मग उरे नुसता सांगाडा: भिंती नसलेल्या, फक्त कडा असलेल्या हजारो इवल्या खोल्या, एकमेकींना लागून. असा तुकडा डोळ्याजवळ धरून मी खिडकीबाहेर पाहत असे. डोंगर त्या खोल्याखोल्यांतून वाटला जायचा. सकाळचं धुकं डोंगरावरून उतरतंय की माझ्या हातातल्या स्पंजातून गळतंय, ते कळत नसे. म्हसकरसाहेब, म्हणजे आमच्या खोलीचे प्रमुख, मागून म्हणत, "झालं का डोंगराचं मोजमाप? मग आता स्पंजाचं करू."

मोजमाप असं करायचं. एक पितळी नळी, तिच्यात घट्ट बसेल अशी स्पंजाची चकती, एका टोकाला वारा सोडणारा ब्लोअर. चकतीच्या अलीकडे आणि पलीकडे एकेक बारीक छिद्र. ती छिद्रं रबरी नळ्यांनी जोडलेली एका वाकवलेल्या काचेच्या नळीला, आणि त्या काचेत लाल रंगाचं पाणी. वारा बंद असला की काचेच्या दोन्ही बाजूंचं पाणी एका पातळीत निजलेलं. वारा सोडला की एकीकडचं खाली सरकायचं आणि दुसरीकडचं वर चढायचं. त्या दोन पातळ्यांतलं अंतर म्हणजे स्पंजातून जाताना वाऱ्यानं गमावलेला दाब. म्हसकरसाहेब त्याला जकात म्हणत. "वारा नाक्यावरून गेला. किती भरून गेला ते पाणी सांगतंय."

ही जकात दोन तऱ्हेची असते. वारा हळू असला तर तो स्पंजाच्या दोऱ्यांना नुसता घासून जातो. वेग दुप्पट केला की जकात दुप्पट. वारा जोरात असला तर तो प्रत्येक वळणावर आदळतो, भोवरे घेतो. वेग दुप्पट केला की ही दुसरी जकात चौपट होते. प्रत्येक स्पंजाचं घासणं वेगळं, आदळणं वेगळं. हे दोन आकडे एकदा हाती आले की मग गिऱ्हाइकानं सांगावं जाडी किती आणि वारा किती, आणि मी कागदावरच सांगावं की पाणी इतकं चढेल. न वाहिलेल्या वाऱ्याविषयी बोलायचं. मला ते काम ज्योतिषासारखं वाटे, फक्त यात खोटं बोललं की दुसऱ्या दिवशी पकडलं जायचं.

एकदा खोपोलीच्या एका रसायनांच्या कारखान्यातून इंजिनिअर आले. जाड पुस्तकातलं सूत्र लावून त्यांनी आमच्या स्पंजाचं उत्तर काढून आणलं होतं. ते सूत्र वाळूचं होतं. वाळूत मधे खडे आणि त्यांच्यामध्ये वाट. स्पंजात सगळी वाटच, मधे नावाला दोरे. म्हसकरसाहेबांनी त्यांना चहा पाजला आणि विचारलं, "सूत्रात खड्याची जाडी भरायचीय. तुम्ही काय भरलंत, भोक की दोरा?" त्या गृहस्थांनी स्पंज बोटांत दाबून पाहिला. मग म्हणाले, "ज्यानं उत्तर बरं दिसेल ते." तिघंही हसलो. त्या दिवशी आम्ही तिघांनी मिळून चकत्या कापल्या आणि पाणी बघत बसलो. दुपार कधी कलली ते समजलं नाही.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. वडील खोपोलीला गिरणीत कामाला आणि युनियनचे चिटणीस. घरात पुस्तकं कमी आणि पत्रकांचे गठ्ठे पुष्कळ. अक्षरओळख मला त्या पत्रकांनीच करून दिली. पहिला वाचलेला शब्द 'एकजूट' होता आणि पुढे उद्गारचिन्ह होतं, म्हणून कितीतरी दिवस मला वाटे की ते त्याच शब्दातलं एक अक्षर आहे. कॉलेजात मी स्वतः पत्रकं लिहिली. अजून लिहिते आणि लिहीन. या खोलीत मात्र माझी पंचाईत व्हायची. लाल पाणी चढायचं तेवढंच चढे. त्याच्यावर ओरडून उपयोग नसे.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. त्यांतला कर्जतचा बबन माईकवाला मला फार आवडे. सभा, लग्नं, भजनं, सगळीकडे त्याचा भोंगा. नदीकाठच्या मोकळ्या पटांगणात सभा असली की माईकमध्ये वारा शिरून नुसतं भर्र भर्र व्हायचं. तो आला आणि म्हणाला, "ताय, मला असं काय तरी दे, का वारा भायेर ऱ्हाईल आन आवाज आत येईल."

"म्हणजे पुढाऱ्याचं भाषण आत यायला हवं?"

"त्याचं नाय आलं तरी चालंल गं. पन पैसे आवाजाचे घेतो ना मी."

आम्ही त्याला जाड, बारीक भोकांची टोपी कापून दिली. वाऱ्याची झुळूक म्हणजे हवेचा लोंढा. स्पंजाच्या वाटांत शिरताच तो दमतो. आवाज म्हणजे हवेची जागच्या जागी थरथर. ती पलीकडे पोचते. पुढल्या सभेला मी मुद्दाम गेले. झाडं हलत होती, लोकांचे पंचे उडत होते, आणि भोंग्यातून माणसाचा आवाज असा येत होता जणू तो बंद खोलीत बसून कुणाशी तरी एकट्यानं बोलतोय. तो काय बोलला ते मला आठवत नाही.

आता कुंभिवलीचं सांगते. मला सांगायचंय ते हेच.

कुंभिवलीला हमरस्त्यापासून जरा आत गारगोटी दळायची गिरण होती. डोंगरातून गारगोटीचे दगड येत, त्यांचं पिठासारखं पांढरं चूर्ण होई आणि बायका ते पोत्यांत भरत. ते काचेला आणि कपबशांना लागतं. पोती भरायच्या जागेवर पत्र्याची एक मोठी छत्री टांगलेली, तिच्यातून धूळ ओढून पंखा ती भिंतीबाहेर टाकायचा. भिंतीबाहेर भातशेती.

मी आणि म्हसकरसाहेब पहिल्यांदा गेलो ते भाद्रपदातल्या उन्हात. पाऊस ओसरला होता, भात फुलोऱ्यावर होतं. भिंतीलगतच्या शेतावर भर दुपारी चांदणं पडलं होतं, असं मला वाटलं. पानं, लोंब्या, बांधावरचं गवत, सगळं फिक्कट पांढरं. त्यात एक माणूस उभा होता आणि पाठीवर घ्यायच्या फवाऱ्यानं साधं पाणी मारून आपलं भात धूत होता. आणि भिंतीतल्या पंख्याच्या भोकात गोणपाटाचं पोतं कोंबलेलं होतं.

आत गेलो तर दहा पावलांवरचं माणूस दिसत नव्हतं. पंखा बंद. त्या पांढऱ्या धुक्यात बायका सावकाश हलत होत्या, पाण्याखाली असल्यासारख्या. पापण्या पांढऱ्या, भुवया पांढऱ्या. एक आमच्याकडे आली, डोक्याचा पदर झटकला आणि म्हणाली, "या. नवरी पावडर लावून तय्यार हाय, नवरा कुटं हाय?"

या द्वारकाबाई. चाळिशीच्या असतील. नवरा ह्याच गिरणीत दगड फोडायच्या यंत्रावर होता. छाती भरली आणि आता तो घरी ओट्यावर बसून असतो, चार शब्द बोलला की थांबतो. बाहेर भात धूत होता तो त्यांचा धाकटा दीर, काशिनाथ. पोतं त्यानंच कोंबलं होतं, गावातल्या आणखी दोघातिघांना घेऊन. घराची चूल एकच होती. ती अर्धी शेतावर पेटे आणि अर्धी गिरणीवर.

मी बाहेर आले तेव्हा दोघं भिंतीच्या आतून आणि बाहेरून बोलत होते, पोत्याच्या फटीतून.

"भावजी, तुमी पोतं भोकात नाय कोंबलं. माज्या नाकात कोंबलंत."

"मग काय करू वयनी? भात पावडर लावून विकू? कणीस भरंल काय असं?"

"तुमचं कणीस भरंल. आन माजी छाती?"

काशिनाथनं फवारा पाठीवरून उतरवला. मग म्हणाला, "दुपारची भाकर खाल्लीस काय?"

"खाल्ली. दाताखाली कचकच लागते."

मालक सभ्य माणूस. नाकाला सतत रुमाल, बोलणं हळू. ते म्हणाले, "हे बघा, पंखा आहे तोच राहील, दुसरा मला परवडत नाही. तुमचा स्पंज भोकाला लावा. धूळ अडली आणि तरी पंखा ओढत राहिला तर उत्तम. नाही ओढला तर हे भोक मी विटांनी बुजवून टाकतो. गावाशी भांडण नको मला." विटा खरंच आणून रचलेल्या होत्या.

"आणि आतल्या बायका?" मी विचारलं.

"त्यांनी पदर बांधावा."

मग मी जे बोलले ते एखाद्या चांगल्या पत्रकाइतकं होतं. श्वास घेणं हा उपकार नव्हे, हे वाक्य त्यात होतं. मालकांनी रुमालाआडून सगळं ऐकून घेतलं. म्हसकरसाहेबांनी माझ्या कोपराला हात लावला. "सगळं बरोबर आहे. आता पंखा मोजूया?"

आम्ही पोतं काढून पंखा मोजला. दुबळा होता. त्याच्या तोंडावर फळी सरकवत नेली आणि काचेतलं पाणी पाहत राहिलो. बोटभर पाणी चढेपर्यंत तो वारा देत होता. त्याच्या पुढे नुसताच फिरत होता. म्हणजे स्पंजाची जकात एका बोटाच्या आत बसली पाहिजे. बसली तर आत श्वास आणि बाहेर भात. नाही तर विटा. इतकी साधी गोष्ट मी कधी मोजली नव्हती.

भोकाच्या मापाचा स्पंज लावणं शक्यच नव्हतं. वारा तिथे इतक्या जोरात होता की आदळण्याचीच जकात पंख्याला संपवून टाकती. उपाय एकच, वाट रुंद करायची. बाहेरच्या भिंतीला दोन दारं शेजारी ठेवावीत एवढी पत्र्याची पेटी, आणि तिच्या अख्ख्या तोंडाला स्पंज. तेवढाच वारा मोठ्या दारातून गेला की सावकाश जातो. शिवाय कोरडा स्पंज बारीक धूळ धरत नाही, म्हणून वरून पाण्याची बारीक धार ठिबकत ठेवायची. ओला स्पंज जकात जास्त घेतो, कारण खोल्यांच्या खिडक्यांत पाणी ताणून बसतं. मी ओल्या चकत्या नळीत घालून कितीतरी दिवस मोजत बसले. प्रत्येक खिडकीत एक थेंब, थेंबात खोलीतला दिवा. शेवटी उत्तर आलं: पाऊण बोट. पण एका अटीवर.

ती अट आमच्या मालातच होती. स्पंज साच्यात इडलीसारखा फुगतो, खालून वर. फुगताना त्याची भोकं वर ओढली जातात आणि अंड्यासारखी लांबट होतात. वारा त्या लांबीच्या दिशेनं गेला तर त्याला वाट सरळ लागते. आडवा शिरला तर जवळजवळ दीडपट जकात. आमच्या खोलीत पहिल्याला 'उभा' म्हणत आणि दुसऱ्याला 'आडवा'. म्हणून मी कापायच्या शेडमध्ये गेले. तिथे धर्मादादा, साजगावचाच, मोठ्या पात्याच्या यंत्रावर ठोकळे कापायचा.

"धर्मादादा, कुंभिवलीचा माल उभा हवा हं. सगळा उभा."

"उभा तर उभा. तुजी पोरं हायत ती गं ताय. निजव, नायतर उभी कर."

पेटी बसवायच्या दिवशी म्हसकरसाहेब तापानं घरी होते. मी काचेची नळी मांडीवर घेऊन टेंपोत पुढे बसले, मागे धर्मादादा आणि स्पंजाचे कापलेले तक्ते. जाळीच्या चौकटीत स्पंज बसवला, पाणी सोडलं, ते झिरपत खालपर्यंत आलं. गिरण चालू झाली. सगळ्या बायका छत्रीखाली मान वर करून उभ्या. काशिनाथ बाहेर, पेटीसमोर काळं घोंगडं अंथरून उकिडवा बसलेला. पांढरा कण पडला तर त्यावर दिसणार. गवंडी विटांशेजारी विडी ओढत होता.

पंखा चालू केला. पाणी चढलं. पाऊण बोटाशी थांबलं नाही. बोट ओलांडलं आणि तिथे लटकत राहिलं. छत्रीखालची धूळ हलली, जराशी वर गेली, आणि पुन्हा बायकांच्या चेहऱ्यांवर उतरली.

मालकांनी पंखा बंद करायची खूण केली आणि खरंच वाईट वाटल्यासारखं म्हणाले, "बघितलंत ना? प्रयत्न केला आपण." गवंड्यानं विडी विझवली.

माझे आकडे चुकणं मला मान्यच नव्हतं. उरलेल्या स्पंजाचा तुकडा उचलला आणि उन्हाकडे धरला. जाडीतून पाहिलं तर भोकं गोल दिसायला हवी होती, कारण अंडं टोकाकडून गोल दिसतं. ती लांबट दिसत होती. सगळी कुशीवर निजलेली.

"धर्मादादा! मी उभा म्हणाले होते ना?"

"आन मी उभाच कापलाय."

"हा उभा? ही भोकं बघ, झोपलीत सगळी!"

"भोकं मी कुटं बगत बसू गं? पातं उभं धरलं, वरनं खाली कापलं. उभा काप! आडवा काप मंजे पातं आडवं. माजा बापूस पन ह्येच म्हनायचा."

"अरे, पातं आडवं धरलं की भोकं उभी राहतात!"

"मग तसं म्हनायचं, आडवा काप म्हनून! उभा म्हनतेस आन आडवा मागतेस!"

"तुमी नवराबायको हायेत काय गं?" द्वारकाबाईंनी विचारलं. आणि इतका वेळ श्वास धरून उभी असलेली ती सगळी पांढरी माणसं हसायला लागली. गवंडी पण हसला. एकाच कारखान्यात, दोन शेडच्या अंतरावर, एका शब्दाचे दोन उलटे अर्थ वर्षानुवर्षं सुखानं नांदत होते. कुणाचं कधी अडलं नव्हतं, कारण चाचणीच्या चकत्या आम्हीच कापायचो आणि एरवी कुणा गिऱ्हाइकाला भोकं कुठल्या कुशीवर आहेत याच्याशी कर्तव्य नव्हतं.

"म्हणजे आता दुसरा माल?" मालकांनी विचारलं.

दुसरा माल नव्हता. या मापाच्या भोकांचा स्पंज पुन्हा कधी ओतला जाईल याचा नेम नव्हता, आणि विटा आजच्या होत्या. मी हातातला तुकडा इकडून तिकडे फिरवत होते. स्पंजाचा अख्खा तक्ता कसाही फिरवला तरी भोकं निजलेलीच. पण तक्त्याच्या पट्ट्या काढल्या, तक्त्याच्या जाडीएवढ्याच रुंद, आणि एकेक पट्टी कुशीवर वळवली तर? मी एक पट्टी फाडून वळवली. उन्हाकडे धरली. भोकं गोल झाली. उठून उभी राहिली.

धर्मादादानं माझ्याकडे पाहिलं. "पातं साजगावला हाय, ताय."

"विळ्या हायत की घरोघर," द्वारकाबाई म्हणाल्या.

पुढचं सगळं मला स्वप्नात पाहिल्यासारखं आठवतं. गिरणीच्या अंगणात बायका ओळीनं विळ्या मांडून बसल्या, एक पाय पाटावर, नारळ खवायचं दातेरी टोक पुढे. भाजी चिरायच्या विळीवर स्पंज चिरला जात नाही. तो दबतो आणि पाठ फिरवतो. त्याला दुसऱ्या टोकानं कुणीतरी ताणून धरावं लागतं. "दाबू नका, ओढा," धर्मादादा सगळ्यांमागून फिरत ओरडत होता, "मासळी नाय ती!" काशिनाथ आपलं घोंगडं सोडून आत आला, वहिनीसमोर बसला आणि त्यानं स्पंजाचं दुसरं टोक धरलं.

"सरळ धरा भावजी."

"सरळच हाय. तूच तिरकी वडतेस."

"भात लावताना तुमची वळ कदी सरळ आली का, की आता येईल?"

ओल्या पट्ट्यांचा ढीग वाढत गेला. मी त्या एकेक वळवून चौकटीत लावत होते. फटीतून वारा पळू नये म्हणून प्रत्येक ओळीत एक पट्टी जास्त कोंबली. दुपारचं ऊन ओल्या स्पंजात शिरून सोनेरी झालं होतं, आणि अंगण एवढं शांत की विळीवरून स्पंज सरकल्याचा आवाज येत होता, कुणीतरी झोपेत कूस बदलल्यासारखा. मालक रुमाल खिशात ठेवून पायरीवर बसले होते. त्यांनी थांबवलं नाही, एवढं मी त्यांच्या बाजूनं लिहिते.

पंखा पुन्हा चालू झाला तेव्हा मी काचेकडे पाहिलं नाही. द्वारकाबाईंनी पोत्यातून मूठभर चूर्ण घेतलं आणि छत्रीखाली उधळलं. ते खाली आलं नाही. एका लांब पांढऱ्या दोरीसारखं वळत वर गेलं आणि दिसेनासं झालं.

"गेली गं!" सगळ्या ओरडल्या. मग मी पाहिलं. पाणी पाऊण बोटाच्या किंचित वर होतं. किंचित ते विळीचं. काशिनाथ बाहेर घोंगड्यापाशी संध्याकाळपर्यंत बसला. घोंगडं ओलसर झालं, पांढरं झालं नाही.

इथे थांबले तर हे चांगलं पत्रक होईल, पण खरं नाही होणार. स्पंज धूळ खातो आणि तुंबतो. तुंबला की जकात वाढते, पंखा दमतो, आणि पांढरं धुकं हळूहळू परत येतं; इतकं हळूहळू की आतल्या माणसाला कळत नाही. म्हणून मी ती काचेची नळी पेटीलाच कायमची लावून आले आणि बोटाच्या जरा अलीकडे तैलरंगानं एक रेघ ओढली. पाणी रेघेला लागलं की गिरण बंद करायची, पट्ट्या काढून धुवायच्या, मगच पुन्हा चालू. धुतलेलं पाणी शेतात जाऊ नये म्हणून काशिनाथनं स्वतः खड्डा खणला. मालक खड्ड्याला हो म्हणाले. रेघेला नाही.

"कामाच्या वेळेत धुणं? गिरण माझी, आणि बंद कधी करायची ते पाणी सांगणार?"

"पानी नाय तर मग कोन सांगनार?" द्वारकाबाई म्हणाल्या. "छाती? ती लई उशिरा सांगते, मालक. माज्या घरात विचारा."

पोती भरायचं काम त्या दिवशी सगळ्याच बायकांनी थांबवलं. कुणी घोषणा दिली नाही. मी तोंड उघडलं होतं, पण त्यांच्याकडे पाहून मिटलं. त्या नुसत्या काचेसमोर बसून राहिल्या, पाण्याकडे बघत. दुसऱ्या दिवशी मालकांनी रेघ मान्य केली.

मला खंत आहे ती वेगळी. आमचा स्पंज दिसणारी धूळ धरत होता. जी दिसत नाही, जी फुफ्फुसात सगळ्यात खोल जाते, तिच्यातली काही पाण्यात अडत असेल, काही जात असेल. तेवढी बारीक धूळ मोजायचं साधन आमच्या खोलीत नव्हतं. मी वाऱ्याचा त्रास सांगू शकत होते, माणसाचा नाही. हे मी म्हसकरसाहेबांना म्हटलं तेव्हा त्यांनी नोंदवही पुढे ओढली. "ज्याचं माप नाही," ते म्हणाले, "ते नाही असं लिहायचं नसतं. माप नाही, असं लिहायचं."

कापणीच्या सुमाराला मी पेटी बघायला पुन्हा गेले. भिंतीलगतचं भात बाकीच्या भातासारखंच पिवळं होतं. मालकांकडे काचेच्या कारखान्याचे कुणी पाहुणे आले होते आणि ते त्यांना गिरण दाखवत होते. यंत्रांचा आवाज एवढा की बोलणं खुणांनीच. द्वारकाबाईंनी पोतं शिवता शिवता काचेकडे पाहिलं. पाणी रेघेला टेकलं होतं. त्या उठल्या, मालकांकडे न बघता खटक्यापाशी गेल्या आणि गिरण बंद केली.

यंत्रांचे पट्टे फिरत फिरत थांबले. धूळ बसली. आणि त्या शांततेत, कुठल्याशा कोपऱ्यातून एक खोकला ऐकू आला. मग दुसरा. मग पोत्यांच्या थप्पीमागून, वजनकाट्याजवळून, दाराशी, एकामागून एक, सगळ्याजणी. गिरण चालू असताना हे कधी ऐकू आलंच नव्हतं. मलाही नाही. पाहुणे थबकले. मालकांचा पाहुण्यांना काहीतरी सांगायला वर उचललेला हात तसाच राहिला.

"गिरण थांबली की इतकं आयकू येतं बगा," द्वारकाबाई म्हणाल्या, आणि पट्ट्या काढायला गेल्या.